धडाम् चौथ्या चौकटीत: सुभेदार काकांना आभाराचं पत्र

काका, साष्टांग नमस्कार.

युद्धखेळात लढलेल्या सीरियातल्या त्या गावाच्या लढाईची माझी चित्रकथा पूर्ण झाली, शेवटचा भागही वाचकांपुढे गेला. वाचणाऱ्या बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: रणगाड्याच्या आतलं हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? त्याचं उत्तर तुम्हाला वगळून देता येणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. नाव छापू नकोस म्हणालात, ते पाळलंय. पण मेकनाइज्ड इन्फन्ट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळात, उभी हयात काढलेले एक सुभेदार आमच्या खालच्या मजल्यावर राहतात आणि या चित्रकथेच्या पानापानावर त्यांच्या पेन्सिलीची खूण आहे, एवढं तरी सांगू द्या.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स २' हा संगणकावरचा युद्धखेळ आहे. २००८ साली अमेरिका सीरियावर स्वारी करते, अशी त्यात कल्पना आहे. दोन्ही बाजू आपापल्या तुकड्यांना हुकूम देतात आणि मग एक मिनिट लढाई आपली आपण चालते. त्या साठ सेकंदांत कुणालाही हात घालता येत नाही. मिनिट संपलं की तेच मिनिट मागेपुढे करून हवं तितक्या वेळा, हव्या त्या कोनातून बघता येतं. रणगाड्यामागून, गच्चीवरून, अगदी एखाद्या शिपायाच्या खांद्याजवळून. मी ते थांबवत थांबवत बघतो, त्यातले क्षण वेचतो आणि क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या पानावर पुन्हा रेखाटतो. सीरियाची बाजू माझा कॉलेजातला मित्र खेळत होता. फायली इकडून तिकडे जातात, त्यामुळे एकाच मिनिटाचं चित्रण दोघांकडेही असतं, पण ते सारखं नसतं. माझ्याकडे माझ्या माणसांना दिसलं तेवढंच, त्याच्याकडे त्याच्या माणसांना दिसलं तेवढंच. दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा ही गोष्ट उभी राहिली.

काका, सगळ्यात आधी आभार मानायचे ते आवाजाबद्दल.

मी कच्च्या रेखाटनांचे कागद घेऊन आलो होतो. रणगाडा तोफ डागतो आणि गावातल्या एका घराची भिंत फुटते, ते पान. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेलात आणि विचारलंत, "रणगाडा किती लांब हाय?" चौदाशे मीटर, मी म्हटलं. "मग धडाम् कुठं टाकणार?" तिथून पुढे तासभर तुम्ही बोलत होतात आणि मी लिहून घेत होतो. टी-७२ रणगाड्याच्या १२५ मिलिमीटरच्या तोफेतून सुटलेला बाणासारखा रणगाडाभेदी गोळा सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतो. आवाज येतो सेकंदाला साधारण ३४० मीटरने. म्हणजे गोळा सेकंदाच्या आत पोहोचतो आणि तोफेचा आवाज यायला चार सेकंद लागतात. "भिंत आधी जाती. मग सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघत्यात. आन् मग ऐकू येतं." हे तुमचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलंय.

ते पान आता असं आहे: पहिल्या चौकटीत भिंत फुटते, आणि तिथे एकही अक्षर नाही. दुसऱ्या चौकटीत तीन चेहरे. तिसऱ्यात फक्त धूळ. आणि चौथ्या, पानभर आडव्या चौकटीत तो धडाम्. क्षितिजाच्या बाजूने आलेला, पसरट, थोडा पुसट. या एका पानाबद्दल जितकं लिहून आलं तितकं दुसऱ्या कुठल्याच पानाबद्दल आलं नाही. खांद्यावरून डागायच्या आरपीजी-७चं गणित उलटं असतं, हेही तुम्हीच सांगितलंत. तो अग्निबाण पूर्ण वेगात आला तरी सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास, आणि नळीतून निघताना तर त्याहून खूपच कमी. म्हणजे आवाज त्याच्या पुढे धावतो. म्हणून गल्लीतल्या प्रसंगात आधी 'फट्' येतो, मग शिपायाची मान वळते, आणि अग्निबाण त्यानंतरच्या चौकटीत शिरतो. जेमतेम मान खाली घालण्याएवढाच अवधी. एरवी कॉमिकमध्ये आवाज म्हणजे चित्रावर चढवलेली सजावट असते. तुमच्यामुळे माझ्या चित्रकथेत आवाज हा काळ मोजण्याचं साधन झाला.

दुसरी गोष्ट नजरेची. खेळात कॅमेरा सहज उंचावर जातो, आणि वरून बघितलं की लढाई फार सुबक दिसते. तुम्ही मला पार्किंगमध्ये पालथं झोपायला लावलंत आणि समोर काय दिसतं ते काढायला सांगितलंत. फुटपाथची कड दिसली, गाडीचं चाक दिसलं, गवताची काडी आडवी आली. "एवढंच असतंय," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून मी नियम केला की शिपाई जिथे आहे तिथूनच, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र काढायचं, आणि त्याला जे ठाऊक नाही ते वाचकालाही त्या पानावर ठाऊक होऊ द्यायचं नाही. शत्रूची नुसती चाहूल लागली तर खेळात प्रश्नचिन्ह उमटतं, रणगाडा दिसत नाही. कागदावर मी त्या जागी उडणारी धूळ काढली. बीएमपी, म्हणजे शिपायांना नेणारी चिलखती गाडी, चालली की तिची धूळ तिच्या आधी दिसते, हे राजस्थानातल्या महाजनच्या रेंजवर तुम्ही कित्येकदा पाहिलंय.

याला जुना आधार आहे, हे मला मागाहून वाचताना कळलं. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धखेळ आणला. त्यात मधे एक पंच असे. तुमच्या तुकडीला जे दिसलं असतं तेवढंच तो तुम्हाला सांगे, बाकी स्वतःपाशी ठेवी. एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही लगेच म्हणालात, आमच्या सरावातही असाच अंपायर असायचा. मला वाटतं, लढाईची चित्रकथा काढणाऱ्याचं काम त्या पंचासारखंच आहे. त्याला सगळं माहीत असतं, आणि कुणाला काय कधी सांगायचं याची जबाबदारीही त्याचीच असते.

आणि आता ती तीन माणसं. काका, या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पान तुमच्या आग्रहामुळे झालं.

गावाच्या उत्तरेला माझ्या पथकाने छतावरून जॅव्हलिन हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडलं आणि मित्राचा टी-७२ गेला. खेळात तो रणगाडा बाहेरूनच दिसतो. चित्रणाच्या दृष्टीने ते मिनिट आयतं होतं. जॅव्हलिन आधी नळीतून हलकेच बाहेर फेकलं जातं, थोडं पुढे जाऊन त्याची मुख्य मोटर पेटते, मग ते वर चढतं, दीडशे मीटरच्या आसपास, आणि रणगाड्याच्या डोक्यावर, जिथे पोलाद बरंच पातळ असतं तिथे उतरतं. त्यासाठी मी पानाच्या उंचीइतकी एक उभी चौकट काढली होती. तुम्ही ती आवडीने बघितलीत. मग म्हणालात, "हे झालं. आता आतली तिघं काढ."

टी-७२मध्ये तिघंच असतात, हे तुम्ही बोटांवर मोजून समजावलंत. पुढे मधोमध चालक. बुरुजात तोफेच्या उजवीकडे कमांडर, डावीकडे तोफची. गोळे भरणारा माणूसच नाही, ते काम यंत्र करतं, आणि त्या यंत्राच्या गोल चक्रात बावीस गोळे या दोघांच्या पायाखाली आडवे रचलेले असतात. कमांडर आणि तोफची यांच्या मधे तोफेचा अख्खा मागचा भाग येतो, त्यामुळे हातभर अंतरावर बसूनही ते एकमेकांना नीट दिसत नाहीत. बोलायचं ते हेडसेटवर. चालक तर दोघांपासून तुटलेलाच. माझ्या खेळातल्या शत्रूच्या रणगाड्याविषयी तुम्ही हे सगळं इतक्या आपुलकीने सांगत होतात की मी मध्येच लिहायचं थांबलो.

त्याच रविवारी तुम्ही मला आपल्या नगरच्या टँक म्युझियममध्ये नेलंत. १९९४पासून ते आहे आणि मी इथेच वाढलोय, पण तुमच्याबरोबर बघितलं ते वेगळंच. तिथल्या पॅटन रणगाड्यापाशी तुम्ही मला बराच वेळ उभं केलंत. चालकाच्या झाकणाची रुंदी हाताच्या वितीने मोजायला लावलीत, आणि मग स्वतःचे खांदे दाखवून म्हणालात, यातून घाईत बाहेर यायचं कसं ते काढ. मी वहीत खांदे काढले, कोपरं काढली, झाकणाच्या कडेला धरलेली बोटं काढली. ती बोटं आता चित्रकथेत आहेत. आभाळातल्या त्या उभ्या चौकटीच्या शेजारी तीन अरुंद चौकटी आहेत: कमांडर, तोफची, चालक. तिघांनाही वर काय चाललंय याची कल्पना नाही. मित्राला पान पाठवलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हा रणगाडा मी तिथे उभा केला होता.

बीएमपीच्या पानांबद्दल जास्त लिहीत नाही, ते तर तुमचंच घर. तुम्ही भरती झालात तेव्हाची बीएमपी-१ आणि पुढे आलेली सारथ, म्हणजे आपल्याकडे बनलेली बीएमपी-२, यांतला फरक मला पुस्तकात सापडला असता, पण जुन्या गाडीत आठ जण पाठीला पाठ लावून बसतात, मधे इंधनाची टाकी असते, मागच्या दोन्ही दारांतही डिझेल भरलेलं असतं, आणि आत बसलेल्याला आपण कुठे आहोत हे फक्त गचक्यांवरून कळतं, हे तुम्ही डोळे मिटून सांगितलंत. त्या पानावरच्या सगळ्या चौकटींच्या रेषा म्हणूनच तिरक्या आहेत. वायरलेसवरची वाक्यंही तुम्हीच छाटलीत. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, काय, बस. त्याचा एक फायदा असा झाला की फुग्यांत जागा उरली. आपल्या लिपीला वर वेलांट्या, खाली उकार, दोन्हीकडे मोकळीक लागते.

काकूंचे आभार वेगळे मानतो. तुम्ही गोळ्याचा वेग समजावत होतात तेव्हा त्या चहा ठेवता ठेवता कागद बघत होत्या. त्यांनी एका शिपायावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मागच्या पानावर पडला होता ना? मग आता कुठे गेला?" खेळात जखमी शिपायाशेजारी त्याचा साथीदार गुडघे टेकतो, थोडा वेळ त्याच्याकडे बघतो आणि मग तो जखमी नकाशावरून नाहीसा होतो. खेळ पुढे जाण्यासाठी ते सोयीचं आहे. काकूंना ते चालणार नव्हतं. त्याचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय त्यांनी पुढचं पान हातात घेतलं नाही. मग मी दोन पानं नवीन काढली. साथीदार त्याला खांद्याखाली धरून भिंतीच्या आडोशाने मागे नेतो, स्ट्रायकर या चिलखती गाडीचा मागचा उताराचा दरवाजा खाली येतो, आत बसलेला वैद्यक त्याला नाव विचारतो. या दोन पानांत एकही गोळी सुटत नाही. त्या दिवसापासून माझ्या कथेत पडलेला प्रत्येक माणूस कुठेतरी पोहोचतो. दवाखान्यात, नाहीतर चादरीखाली, पण पोहोचतो. दोन्ही बाजूंचा.

आणखी एक गोष्ट तुमच्यापाशी बोलायची होती. या खेळाची पहिली आवृत्ती २००७ साली आली तेव्हा सीरियातली लढाई ही निव्वळ कल्पना होती. २०११नंतर तिथे खरंच काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. म्हणून मी विचारलं होतं, की त्या भूमीवरची खोटी लढाई काढावी का? तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलात तेव्हा म्हणालात, "काढ. पण गावात माणसं राहत होती हे इसरू नको." खेळात त्या घरांत कुणीही नसतं. माझ्या पानांवर आता दोरीवर कपडे आहेत, दाराशी प्लास्टिकच्या चपला आहेत, भिंतीवर पोरांनी खडूने काढलेला फुटबॉलचा गोल आहे. रणगाड्याचा गोळा लागतो ती भिंतही कुणाच्या तरी स्वयंपाकघराची आहे, आणि फुटल्यावर ते स्वयंपाकघर दिसतं.

तुम्ही स्वतः जे बघितलंत त्याबद्दल फारसं बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. पण ज्या तपशिलावर तुम्ही पेन्सिल थांबवलीत तिथे मीही थांबलो, आणि बहुधा तिथेच कथा होती. तुमच्यासारखं कुणी शेजारी नसतं तर माझ्याकडे नीटनेटकी चित्रं आणि कोण जिंकलं याचा हिशेब एवढंच उरलं असतं. त्याबद्दल मनापासून आभार.

पुढची लढाई ठरली आहे. या वेळी जर्मनी, १९७९ ते १९८२च्या काळातली, शीतयुद्ध तापलं असतं तर काय झालं असतं अशी कल्पना. खेळ त्याच घराण्यातला आहे. सोव्हिएत बाजूला तुमची बीएमपी-१ आहेच, आणि या खेपेला ती बाजू मी खेळतोय. कमांडर चालकाच्या मागे बसतो आणि बुरुजात तोफची एकटाच असतो, तर धुक्यात दोघं एकमेकांना दिशा कशी सांगत, हे मला तुमच्याकडून नीट समजून घ्यायचंय. पहिली आठ पानं मोठ्या कागदावर छापून आणलीत. रविवारी सकाळी घेऊन येतो. समास रुंद सोडलाय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा