चौथरा नको, नावं कोरा

मँचेस्टर
रविवार

प्रिय विनायक,

तुझं पत्र मिळालं. कापसाची सरकी काढणाऱ्या आपल्या जुन्या जिनाच्या जागेवर स्मारक करायचं गावानं ठरवलं, ग्रामसभेत ठराव झाला, वर्गणीही जमू लागली, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या बाबांची सारी उमर त्या जिनात गेली आणि माझ्या आजीला तिथल्या रुईच्या धुळीनं दमा लावला. तिथे काहीतरी उभं राहायलाच हवं. पण कुणाचा पुतळा करायचा आणि केवढा उंच करायचा यावरून कमिटीत दोन तट पडलेत म्हणतोस, आणि मला विचारतोस की तिकडे लोक काय करतात. तर ऐक. पत्र लांबणार आहे.

हे शहर कापसानं वाढवलं हे तुला ठाऊकच आहे. बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल, बरी, स्टॅलीब्रिज ही आजूबाजूची सगळी गिरणगावं. १९७४ पासून ती मँचेस्टरसकट 'ग्रेटर मँचेस्टर' या एकाच महानगरात मोडतात. इथे कापसाचं एक बोंडही पिकत नाही. सगळी रुई समुद्रावरून यायची आणि तिचं कापड होऊन जगभर जायचं, आपल्याकडेही. म्हणून इथला पुतळा कुणाचाही असो, थोडं खोलात गेलं की खाली कापूस लागतो. मला तरी तसंच दिसतं, कारण मी वऱ्हाडातला आहे.

बोल्टनच्या नेल्सन स्क्वेअरमध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टन बसला आहे. सूतकताईचं 'म्यूल' यंत्र त्यानं १७७९ च्या सुमारास तयार केलं. त्या यंत्रावर इथल्या गिरण्या शंभर वर्षं चालल्या, पण त्याच्या स्वतःच्या हाती फारसं काही लागलं नाही. १८१२ मध्ये पार्लमेंटनं त्याला पाच हजार पौंड दिले, तेही धंद्यात बुडाले. १८२७ मध्ये तो गेला आणि १८६२ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. समारंभाला त्याचा म्हातारा मुलगा हजर होता, तोही गरिबीतच. आणि १८६२ हे साल कोणतं, तर या सगळ्या भागात, म्हणजे लँकेशायरमध्ये, कापूस संपल्याचं! गिरण्या बंद, माणसं बेकार, आणि त्याच वर्षी गिरण्यांच्या जनकाला ब्राँझमध्ये बसवलं. त्या चौकात उभं राहिलं की मला क्रॉम्प्टनपेक्षा त्या दिवशी समोर जमलेली माणसंच जास्त आठवतात. त्यांच्यातल्या कितींच्या घरी त्या रात्री चूल पेटली असेल?

कापूस का संपला? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गुलामांनी वेचलेला कापूस इकडे येणं थांबलं. लाखो गिरणी कामगार मदतीच्या कुपनांवर जगू लागले. स्टॅलीब्रिजमध्ये १८६३ च्या मार्च महिन्यात या कुपनांवरूनच दंगल झाली, कारण लोकांना रोख पैसे हवे होते. आणि अशा उपासमारीत, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिनं गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. सगळ्या लँकेशायरचं मत असंच होतं असं मात्र समजू नकोस. नाकेबंदी मोडून काढा म्हणणारीही गावं होती. तरीही ती सभा झाली आणि १९ जानेवारी १८६३ ला लिंकननं मँचेस्टरच्या कामगारांना उत्तर लिहिलं. तुमचे हाल मला कळतात, त्यांचं मला दुःख आहे, आणि तुम्ही जे केलंत ते थोर धैर्याचं आहे, असा त्याचा आशय.

त्या पत्रातला काही भाग आज लिंकन स्क्वेअरमधल्या लिंकनच्या पुतळ्याच्या बैठकीवर कोरलेला आहे. पुतळा अमेरिकन शिल्पकार जॉर्ज ग्रे बर्नार्ड याचा. दाढी नाही, हात पोटाशी धरलेले, चेहरा ओढलेला. हा मुळात लंडनला पार्लमेंटसमोर बसायचा होता. पण लिंकनच्या मुलालाच तो आवडला नाही, बापाची विटंबना वाटली. टीकाकार तर म्हणाले, याच्या पोटात दुखतंय. लंडननं दुसरा, रुबाबदार लिंकन घेतला आणि हा १९१९ मध्ये मँचेस्टरला आला. आधी प्लॅट फील्ड्स बागेत होता, १९८६ मध्ये शहराच्या मध्यात आणला. माझ्या मते तो योग्य जागी पोचला. उपाशी माणसांना उत्तर लिहिणारा माणूस असाच ओढलेल्या चेहऱ्याचा हवा.

आता यात आपण कुठे आहोत ते बघ. अमेरिकेचा कापूस बंद झाला तशी इथल्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव कडाडले, शेअरांचा सट्टा बोकाळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. खानदेश-वऱ्हाडाचा कापूस इकडे 'सुरती' नावानंच ओळखला जायचा. आखूड धाग्याचा, मातीकचरा मिसळलेला म्हणून कामगार त्याला शिव्या घालायचे. 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' अशी प्रार्थना एका प्रार्थनासभेत झाली म्हणतात. तरी तोच विणून त्यांनी दिवस काढले. पुढे १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा झाला. ज्या रुळांच्या कडेनं आपण शाळेत जायचो, ते रूळ या शहरासाठी टाकलेले होते. पऱ्हाटी लावणाऱ्या आणि वेचणाऱ्या आपल्या बायामाणसांचं इथे एकही स्मारक नाही. अमेरिकेतल्या गुलामांचा उल्लेख लिंकनच्या निमित्तानं तरी होतो. आपला तेवढाही होत नाही. हे मला टोचतं आणि म्हणूनच तुमच्या स्मारकाबद्दल मला इतकं वाटतं.

राणी व्हिक्टोरिया पिकॅडिली गार्डन्समध्ये आहे, प्रिन्स अल्बर्ट टाउन हॉलसमोर दगडी छत्रीखाली आहे. दोन्ही भव्य आहेत. मान वर करून बघायचं आणि पुढे जायचं. त्यांच्यावर शाई घालवत नाही.

मला खरं सांगायचंय ते पीटरलूबद्दल. १६ ऑगस्ट १८१९. सेंट पीटर्स फील्ड नावाच्या मोकळ्या मैदानावर साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमली. तेव्हा मँचेस्टरला स्वतःचा एक खासदारही नव्हता. ओल्डहॅम, मिडलटन, रॉचडेल, सॅडलवर्थ अशा गावांतून लोक रांगा करून, वाद्यं वाजवत, ठेवणीतले कपडे घालून चालत आले. बायका पांढऱ्या पोशाखात, कडेवर पोरं. वक्ता हेन्री हंट बोलू लागला न लागला तोच न्यायदंडाधिकाऱ्यांनी घोडदळ घातलं. तलवारी चालल्या. साधारण अठरा माणसं गेली आणि शेकडो जखमी झाली. पहिला बळी विल्यम फिल्ड्स, दोन वर्षांचं मूल, आईच्या हातून घोडेस्वाराच्या धक्क्यानं पडलेलं. ओल्डहॅमचा जॉन लीस चार वर्षांपूर्वी वॉटर्लूच्या लढाईत लढून जिवंत परतला होता. तो स्वतःच्याच देशाच्या घोडेस्वारांच्या माराने गेला. वॉटर्लूवरूनच लोकांनी या दिवसाला पीटरलू म्हटलं.

या घटनेला शहरानं दीडशे वर्षं धड आठवण दिली नाही. १९७० च्या दशकात एक निळी पाटी लागली, तिच्यावर लष्करानं जमाव पांगवला एवढंच होतं. मेलेल्यांचा शब्द नाही! लोकांनी चिकाटीनं भांडून २००७ मध्ये ती बदलून घेतली. नव्या लाल पाटीवर मृत्यू आणि जखमी दोन्ही आले. आणि दोनशे वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, जेरेमी डेलर या कलाकाराचं स्मारक उभं राहिलं. पुतळा नाहीच. एकावर एक चढत जाणाऱ्या गोल दगडी पायऱ्या, त्यांच्या कडांवर मेलेल्यांची नावं आणि ती माणसं ज्या गावांहून चालत आली त्या गावांची नावं. कुणीही वर चढावं आणि बोलावं, ही कल्पना. दुपारी तिथे लोक डबे खात बसतात, शाळेची पोरं नावं बोटानं वाचतात. मीही गावांची नावं एकेक करून वाचतो. जालियनवाला बाग आठवल्याशिवाय आपल्या माणसाला ती वाचताच येत नाहीत.

पण या स्मारकातली एक मोठी चूक तुम्ही करू नका. पायऱ्याच पायऱ्या असल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर जाताच येत नाही. सर्वांना बोलायचा हक्क मिळावा म्हणून मेलेल्यांचं स्मारक, आणि काहींना खालीच थांबावं लागतं. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी उद्घाटनाआधीच जोरदार निषेध केला, आणि तो अगदी रास्त होता. आराखडा कागदावर असतानाच म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आपल्या बंडूदादाला बोलावून विचारा की इथवर तुम्ही कसे याल.

तिथून जवळच सेंट पीटर्स स्क्वेअरमध्ये एमेलिन पँकहर्स्ट उभी आहे, एका साध्या खुर्चीवर. घरातली खुर्ची रस्त्यावर आणायची आणि तिच्यावर उभं राहून बोलायचं, तसं. बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी आपली संघटना तिनं १९०३ मध्ये याच शहरातल्या स्वतःच्या घरातून उभी केली. हेझल रीव्ह्सनं केलेला हा पुतळा १४ डिसेंबर २०१८ ला उघडला. बायकांनी सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं त्याला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. व्हिक्टोरियानंतर या शहरात बाईचा पुतळा व्हायला शंभरावर वर्षं लागली, आणि कुणाचा करायचा हे लोकांनी मतदानानं ठरवलं. तुमच्या कमिटीला हे जरूर सांग.

पण मला त्याहून आवडतो तो त्याच दिवशी ओल्डहॅममध्ये उघडलेला अ‍ॅनी केनीचा पुतळा. ही गिरणीतली पोर, दहाव्या वर्षी कामाला लागली, यंत्रात बोट गेलं. १९०५ मध्ये फ्री ट्रेड हॉलच्या सभेत बायकांना मत देणार का, असा प्रश्न विचारला म्हणून एमेलिनच्या मुलीबरोबर तिला बाहेर काढलं, मग तुरुंगात टाकलं. कापसाच्या धुळीतून आलेल्या कामगार बाईला नावासकट, गावाच्या मध्यात जागा मिळाली. या महानगरातला मला सर्वांत जवळचा पुतळा हाच.

अ‍ॅलन ट्युरिंगबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर तो एकटाच पत्र खाईल. सॅकव्हिल गार्डन्समध्ये तो बाकावर बसला आहे, हातात सफरचंद, शेजारी जागा मोकळी. युद्धात जर्मनांचे संकेत फोडणारा, संगणकशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. पुरुषावर प्रेम केलं म्हणून १९५२ मध्ये त्याला गुन्हेगार ठरवलं. १९५४ मध्ये तो सायनाइडनं गेला, उशाशी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. सरकारी माफी मिळायला २०१३ उजाडलं, पण लोकांनी वर्गणी काढून हा पुतळा २००१ मध्येच बसवला होता. पैसे कमी पडत होते म्हणून तो चीनमध्ये ओतून घेतला. पाटीवर त्याची विद्वत्ता लिहिली आहे आणि तो पूर्वग्रहाचा बळी होता हेही स्वच्छ लिहिलं आहे. लोक त्याच्या शेजारी बसतात, हातात फुलं ठेवतात.

आणि कॅथीड्रलबाहेर गांधीजी! २०१९ मध्ये आलेला हा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आपल्या राम सुतारांचा आहे, धुळ्याजवळच्या गोंदूरचे ते. खानदेशच्या कापूसपट्ट्यातल्या सुताराच्या मुलानं घडवलेला खादीवाला, कापसाच्या या राजधानीत. १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरला आले होते, डार्वेनला राहिले. त्यांच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं त्याच बेकार कामगारांना भेटले आणि आमच्याकडची उपासमार याहून किती मोठी आहे ते तोंडावर सांगितलं. तरी गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हसत उभ्या असलेला फोटो आहे. पुतळ्याला इथल्या काही विद्यार्थ्यांनी विरोध केला. दक्षिण आफ्रिकेतल्या काळात कृष्णवर्णीयांबद्दल गांधीजींनी जे लिहिलं त्यावरून त्यांचा राग होता. तो राग मला खोटा वाटत नाही. पण पुतळा इथे असावा असंच मला वाटतं, कारण कापसाच्या या गोष्टीतली आपली बाजू सांगणारं दुसरं कुणी या शहरात उभं नाही.

त्याच्या जवळच 'ग्लेड ऑफ लाइट' आहे, २२ मे २०१७ ला इथल्या मँचेस्टर अरीनातल्या बॉम्बस्फोटात गेलेल्या बावीस जणांचं स्मारक. जमिनीलगत पांढऱ्या संगमरवराचं कडं, त्यावर ब्राँझमध्ये बावीस नावं, भोवती इथलीच झाडंझुडपं. मे महिन्यात फुलणारी झाडं मुद्दाम निवडली आहेत. आईबाप येतात आणि आपल्या लेकराच्या नावावर हात ठेवू शकतात. चौथऱ्यावर चढवलेल्या पुतळ्याजवळ हे कधी जमलं असतं?

म्हणून माझं मत सांगतो, कमिटीत वाचून दाखव. शेटजींचा अर्धपुतळा नको. काल्पनिक कामगाराचा, छाती पुढे काढलेला पुतळाही नको. जिनात काम केलेल्यांची नावं कोरा, हमालांची, रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, राबलेल्या बायांची, गठाण बांधणाऱ्यांची. ज्या खेड्यांतून बंड्या भरून कापूस यायचा त्या खेड्यांची नावं कोरा, म्हणजे तिथली माणसं आपलं गाव शोधायला येतील. दगड आपला काळा बसाल्टच घ्या, उन्हात तापतो म्हणून वर कडुनिंब लावा. बसायला कट्टा, जायला उतार. आणि अपघातात गेलेल्यांची नावं वेगळी, कशानं गेले ते लिहून. 'दुःखद निधन' लिहून मोकळं होऊ नका. जिनाला आग लागली ते साल, मालकानं काय दिलं, काय दिलं नाही, तेही यायला हवं. यावरून भांडण होईल. होऊ दे, पाटी खरी लागेल.

हजेरीपट तुझ्याकडे आहेत म्हणालास, त्यांचे फोटो काढून पाठव. मी रात्री बसून यादी करतो. बायांची नावं त्यात नुसती 'गंगू', 'सरू' अशी असतील, त्यांची पूर्ण नावं घरोघरी विचारावी लागतील. ते काम आपल्या शाळेच्या पोरींना दे. माझी वर्गणी तुझ्या खात्यावर पाठवली आहे, पावती कमिटीच्या नावानं फाड. जागेचं माप आणि विहिरीच्या बाजूचा एक फोटोही हवा, उतार कुठून काढायचा ते बघतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मनोहर