बॉल येण्याआधीचं काम

डॉर्टमुंड,
रविवार

चि. ओंकार यास काकाचे अनेक आशीर्वाद. आजीला आणि दादा-वहिनींना नमस्कार सांग.

वहिनीने पाठवलेला नेरूळच्या मॅचचा व्हिडिओ तीनदा बघितला. टीममध्ये सगळ्यात जोरात शॉट तुझा, मग गोल का होत नाहीत, असं तू विचारलंस. पहिल्या हाफमध्ये उजवीकडून चार क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेले बॉल, आले. चारही वेळा तू त्या पिवळ्या टी-शर्टवाल्या डिफेंडरला चिकटून, बॉलकडे बघत उभा होतास. शॉटचा प्रश्न नंतरचा, अरे. बॉल तुझ्यापर्यंत आलाच कुठे?

म्हणून आज पोलंडचा स्ट्रायकर लेवांडोव्स्की याच्याबद्दल लिहितो. एम्बापेचा वेग कुणाला उसना मिळत नाही. लेवांडोव्स्कीचं मात्र बरंचसं शिकून घेता येतं, कारण त्यानेही ते शिकूनच घेतलंय. २००६ साली, दुखापतीतून सावरत असताना, वॉर्साच्या लेगिया क्लबने त्याला सोडून दिलं. तो प्रुश्कुव नावाच्या छोट्या शहरातल्या झ्निच क्लबात गेला, तिथे तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त गोल केले, पुढच्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्येही तेच. मग लेख पोझ्नान नावाचा क्लब, आणि २०१० मध्ये इथे डॉर्टमुंडला.

इथलं पहिलं वर्ष नीट समजून घे. नऊ नंबरच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या स्ट्रायकरच्या जागी लुकास बारिओस पक्का होता, म्हणून कोच क्लॉपने ह्याला बऱ्याचदा त्याच्या मागे खेळवलं. लीगमध्ये गोल झाले अवघे ८. पण गोलकडे पाठ करून बॉल घ्यायचा, डिफेंडर अंगावर असताना तो सांभाळायचा आणि एका टचमध्ये बाजूला सोडायचा, हे ह्या वर्षात पक्कं झालं. शिवाय दोघांची पैज असायची: सरावात १० गोल केले तर क्लॉप ५० युरो देणार, कमी पडले तर ह्याने द्यायचे. सुरुवातीला ह्याचाच खिसा रिकामा व्हायचा. पुढे पुढे क्लॉपनेच हात जोडले. दुसऱ्या वर्षी लीगमध्ये २२ गोल.

आता मुद्द्याचं. डिफेंडरला एका वेळी दोन गोष्टी दिसत नाहीत, बॉल आणि तू. बॉल उजव्या विंगला असेल तर तो उजवीकडेच बघणार. त्याच्या शेजारी उभा राहिलास तर हाताने चाचपूनसुद्धा त्याला कळतं तू कुठे आहेस. दीड-दोन मीटर मागे सरक, त्याच्या पाठीआड. आता तुला शोधायला त्याला मान वळवावी लागेल, आणि मान वळवली की बॉल सुटला. लेवांडोव्स्की आधी दोन पावलं लांबच्या पोस्टकडे टाकतो. डिफेंडर सोबत सरकला की उलटा वळून त्याच्या पुढून जवळच्या पोस्टकडे घुसतो. तो सरकलाच नाही, तर लांबचा पोस्ट मोकळाच आहे. २४ एप्रिल २०१३ ला रेआल माद्रिदला त्याने चार गोल घातले, त्यातला पहिला बघ. ग्योत्झेचा क्रॉस यायच्या आधीच हा माद्रिदच्या डिफेंडरला, पेपेला, चकवून पुढे आलेला आहे. पायाचं काम उरलं फक्त बॉलला वाट दाखवण्याचं.

हे सगळं बिघडतं वेळेत. तू फार लवकर पळतोस. क्रॉस मारणारा अजून बॉल पुढे ढकलत असतो आणि तू गोलसमोरच्या छोट्या बॉक्समध्ये जाऊन थांबलेला असतोस. थांबलेला स्ट्रायकर म्हणजे खांबच. विंगरने शेवटचा टच घेऊन मान वर केली की निघायचं, त्याआधी नाही. तुमच्या टर्फवर सात-सातच्या खेळात बहुतेक ऑफसाइड लावत नाहीत, त्यामुळे गोलसमोर मुक्काम ठोकायची सवय लागते. मोठ्या मैदानावर तीच नडते.

२२ सप्टेंबर २०१५ चा वोल्फ्सबुर्गचा सामनाही शोधून बघ. तेव्हा तो बायर्न म्युनिककडून खेळायचा. बायर्न ०-१ ने मागे, हा हाफटाइमनंतर उतरला आणि ५१ व्या ते ६० व्या मिनिटात पाच गोल. घड्याळात ८ मिनिटं ५९ सेकंद. लोक पाचवा हवेतला गोल परत परत बघतात, मला तिसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. शॉट पोस्टला लागून परत आला, तर हा डोक्याला हात लावून उभा राहिला नाही. बॉल आत जाईपर्यंत त्याच्या मागे लागला. तुझ्या व्हिडिओत कीपरच्या हातून एकदा बॉल सुटला होता, आणि तू पाठ फिरवून परत निघाला होतास.

२०२०-२१ मध्ये जर्मन लीगच्या २९ सामन्यांत ४१ गोल करून त्याने जुना जर्मन स्ट्रायकर गेर्ड म्युलरचा १९७१-७२ चा ४० गोलांचा विक्रम मोडला, तो शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी. म्युलर फक्त १ मीटर ७६ सेंटिमीटर उंच होता हो. उंच आहेस म्हणून तुला पुढे उभं करत असतील, तर ते कारण काही पुरेसं नाही.

पेनल्टीची त्याची थांबत-थांबत येण्याची पद्धत इतक्यात उचलू नकोस. तो बॉलकडे न बघता कीपरकडे बघत येतो, कीपर हलला की दुसऱ्या कोपऱ्यात. धावताना वेग कमी-जास्त करायला नियमाची हरकत नाही, पण धाव पूर्ण झाल्यावर पायाने हूल देता येत नाही. धोका असा, की कीपर हललाच नाही तर शॉटमध्ये जोर उरत नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोचा कीपर ओचोआ याने त्याचीही पेनल्टी अडवली होती. तू कोपरा आधी ठरव आणि मार.

आणि तो जोरदार शॉट. तीन वेळा बारवरून गेला, कारण तुझा टेकलेला पाय बॉलच्या मागे राहतो आणि छाती आभाळाकडे होते. तो पाय बॉलच्या शेजारी, साधारण वीतभर अंतरावर टेकव, बोटं जिथे मारायचं तिकडे, गुडघा बॉलच्या वर. पावसाळ्यात मैदान ओलं असलं की हाच पाय सटकतो, तेव्हा शेवटचं पाऊल आखूड ठेव. रोज २० क्रॉस पुरेत, १० उजवीकडून, १० डावीकडून, प्रत्येक वेळी एकच टच. मित्र क्रॉस मारायला तयार नसेल तर त्याने हाताने फेकले तरी चालतील. डिफेंडरच्या जागी दप्तर ठेव आणि त्याच्या मागून निघ.

दादा, तू ओंकारच्या बुटांचं विचारलं होतंस. त्याच्याकडे आहेत ते लांब स्टडवाले गवताच्या मैदानासाठी. टर्फवर ते रुततात, पाय अडकतो आणि वळताना गुडघा मुरगळू शकतो. टर्फसाठी बारीक रबरी दाण्यांचा तळ असलेली वेगळी जोडी घे. पुढे अंगठ्याला अर्धा बोट जागा हवी, वाढत्या वयाचा म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नकोस, आत पाय सरकतो आणि शॉट वाकडा जातो. दुकानात जाताना खेळायचे मोजे घालूनच त्याला ने.

पुढच्या मॅचचा व्हिडिओ बॉलच्या मागे न फिरवता ओंकारवर धरून काढायला वहिनीला सांग. बॉल दिसला नाही तरी चालेल.

तुझा,
काका