खानदेशातल्या एका हॉकीपटूच्या बापाचे मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या सभेचा मंडप आमच्या तालुक्याच्या हॉकी मैदानावर उभा राहिला. मंडप गेला, खांबांचे खड्डे मात्र डी-मध्येच, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळातच, राहिले. याच मैदानावर दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या गळ्यात हार घालून आपण टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे मैदान, देण्याचा शब्द दिला होता आणि ‘खानदेशच्या घराघरांत राणी रामपाल घडेल’ असे म्हणून टाळ्याही घेतल्या होत्या.

साहेब, भारतीय महिला हॉकी संघाची कर्णधार झालेली राणी घोषणेतून घडली नाही. तिचे वडील हातगाडी ओढत, हे आपण भाषणात सांगितलेत; पण तिच्या गावी, हरियाणातल्या शहाबादेत, बलदेव सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक होते, हे सांगायचे राहून गेले. म्हणून ती १५व्या वर्षी, २०१० साली, विश्वचषक खेळली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून चौथा क्रमांक मिळवला. त्या संघात राणीसह तिघी एकट्या शहाबादच्या आणि नऊ जणी हरियाणाच्या होत्या. महाराष्ट्राची एकही नव्हती, आणि खानदेशचे नाव तर कोणाच्या गावीही नव्हते.

१९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हा खेळ कृत्रिम टर्फवर गेला; आमच्या मुली अजून काळ्या मातीतच आहेत. उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात, पावसाळ्यात बूट रुततात. येथे चेंडू उसळतो, म्हणून माझी मुलगी स्टिक किंचित वर धरून वाट पाहायला शिकली. पुण्याच्या निवड चाचणीत ओल्या टर्फवरून तो सरपटत, सुसाट आला आणि स्टिकखालून निघून गेला, एकदा नव्हे, वारंवार. पाया कच्चा आहे, असा शेरा मिळाला. पाया कोणाचा कच्चा, हे मात्र कोणी लिहिले नाही.

त्या चाचणीसाठी मी कापूस भाव नसताना विकला. स्टिक, बूट, शिनगार्ड, गाडीभाडे यांत तो संपला. तिची आई रात्री उठून तिच्या गुडघ्यावर हळद लावते, आणि मी हिशेब करीत जागा असतो. एका टर्फला पाच-सहा कोटी लागतात म्हणे. सत्कार, कमानी आणि फलकांवर या जिल्ह्यात त्याहून कमी उडत असेल, असे मला तरी वाटत नाही. पदक आले की सगळे पक्ष विमानतळावर हजर, आणि पदकाआधीची दहा वर्षे मात्र आईबापांच्या सातबाऱ्यावर, हीच आपल्याकडची क्रीडानीती. सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण ऐकायला गोड आहे, पण जिथे खेळायलाच जागा नाही तिथली मुलगी त्यासाठीचे प्रमाणपत्र आणणार कुठून?

मुलगी आता पोलीस भरतीच्या तयारीला लागली आहे. धाकटी मात्र तिची स्टिक घेऊन अंगणात उभी राहते. टर्फचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे ते कळवावे. आणि तो नसेलच, तर तसेही लेखी कळवावे, म्हणजे मी तिच्या हातातून स्टिक वेळीच काढून घेईन.

आपला,
एका हॉकीपटूचा बाप
जळगाव जिल्हा