वटवाघळाचं पिल्लू, पेन्सिल आणि नानांच्या शंका

मेलबर्न, डिसेंबर

ती. आई आणि नानांना सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस "वटवाघूळ सांभाळी राहिली का तू? लोकांच्या पोरी कुत्रं पाळतात, मांजर पाळतात" आणि मागून नाना ओरडले की चावलं तर काय, तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून म्हटलं आता सगळं नीट लिहूनच पाठवते, व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यात सांगितलं की तुमची काळजी अजूनच वाढते.

तर आधी नानांचं. इथल्या वटवाघळांत रेबीजच्याच कुळातला एक व्हायरस असतो, लिसाव्हायरस, १९९६ मध्ये सापडला. त्यामुळे रेबीजची लस घेऊन, रक्त तपासून ती लागू पडलीय हे बघितल्याशिवाय कोणी पिल्लाला हात लावू देत नाही. माझं सगळं झालंय, ट्रेनिंग झालं, सरकारी परवानगीपण आहे. तुमचे जावई आणि पोरगं दारातूनच बघतात, त्यांना लस नाही. जावयांना तर ते बरंच पडलंय, वास येतो ना. येतोच, खोटं कशाला सांगू.

ही जात मोठी, फळं आणि फुलांतला मध खाणारी, डोकं राखाडी आणि मानेला तांबूस केस. मोठं झालं की पंख पसरून जवळजवळ एक मीटर भरतं. याची आई काटेरी तारेत अडकली, पंख फाटला आणि ती वाचली नाही. हे मात्र तिच्या काखेत दुधाला चिकटून होतं, यांचं दूध काखेतच असतं. मग पिल्लं वाढवणाऱ्या ग्रुपमधून ते माझ्याकडे आलं.

आई, तू दिलेलं ते जुनं सुती लुगडं आठवतं का, गोधडीसाठी दिलेलं? गोधडी काही झाली नाही, त्याचे तुकडे करून पिल्लाला गुंडाळायला घेतले. कापडाची एक गुंडाळी करून द्यायची, त्याला ती आईच वाटते, घट्ट धरून बसतं, आणि दूध झालं की तोंडात बारकी चोखणी, कारण आईच्या दुधाला सारखं चिकटून राहायची सवय असते. दर चार तासांनी दूध, रोज वजन ग्रॅमवर, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजायचं, त्यावरून वय कळतं. आणि गंमत ऐक, दिवसभर उलटं लटकणारं हे जनावर शू करायची वेळ आली की अंगठ्यांच्या नख्यांना लटकून सुलटं होतं, काम उरकतं, अंग झटकतं आणि परत उलटं! पोरगं आमचं हसून हसून लोळतं.

आता मुख्य गोष्ट, जी फोनवर सांगायला मला लाज वाटत होती. मी परत चित्रं काढायला लागलेय.

रात्री साडेबाराच्या दुधानंतर (तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात, तुम्ही बातम्या लावता) पिल्लू झोपेपर्यंत बसून राहावं लागतं, आणि मोबाइल बघायचा तर त्या उजेडाने ते बिचकतं. मग समोर बिलाचं पाकीट होतं, पेन होतं, त्यावर त्याचा पंख काढायला घेतला. मागे लहान दिवा होता. उन्हात अर्धवट वाळलेल्या बिबड्याची, आपल्या ज्वारीच्या पापडाची, कड कशी आरपार दिसते, तसा तो पंख, आतल्या बारीक नसा दिसत होत्या, आणि काढता काढता लक्षात आलं की हा पंख नाहीच, हा हात आहे. अंगठा सुटा, मोकळा, आणि बाकीची चार बोटं लांबच लांब ताणलेली, मधे कातडी. पुस्तकात वाचलं असेलही कधीतरी, पण पेन त्या सांध्यावरून वळलं तेव्हा समजलं.

नाना, इंटरमिजिएटला मला ए ग्रेड होती, तुम्ही सगळ्या गल्लीत सांगत फिरलात. पण स्मरणचित्राला मी आठवडी बाजार पाठ करून गेले होते, कुठे टोपलीवाली, कुठे छत्री, सगळं ठरलेलं. अकरावीला सायन्स घेतलं, चित्रकला सुटली, आणि सुटली त्याचं खरं सांगायचं तर मला फार वाईटही वाटलं नाही. आता कळतं का ते. ती चित्रं परीक्षकासाठी होती. इथे पिल्लू हलतं, कान फिरवतं, जांभई देतं, पाठ केलेलं काही उपयोगाचं नाही, नुसतं बघत राहावं लागतं. आणि आई, जिला तू आयुष्यभर "हिच्या पायाला भिंगरी" म्हणालीस ती बाई तासभर एका जागी बसते, ऑफिसातला एकही मेल डोक्यात येत नाही. मला तरी कुठे माहीत होतं मी अशी आहे म्हणून.

त्याला नाव ठेवलेलं नाही, पोरगं हट्ट करतं तरी नाही. थोडं मोठं झालं की इतर पिल्लांसोबत मोठ्या पिंजऱ्यात जाईल, तिथे उडायला आणि माणसाला विसरायला शिकेल. विसरलंच पाहिजे, नाहीतर जगणार नाही. मला जड जाणारच आहे, पण चित्रात सोडवणूक होते थोडी. कापडाच्या गुंडाळीचीच कितीतरी काढलीत, पिल्लाशिवाय.

आणि नाना, "घाण जनावर" म्हणालात ना, आपल्या केळीच्या कमळावर रात्री मध प्यायला वटवाघळं येतात हे तुम्हीच मला बागेत दाखवलं होतं. सातपुड्यातल्या मोहाच्या बिया लांबवर नेऊन टाकायचं कामही तीच करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी यादीत टाकलं होतं, २०२२ मध्ये ती यादीच काढली. इथे पारा ४२ च्या वर गेला की ती झाडावरून पटापट पडून मरतात. आपल्या भुसावळला तर मे महिन्यात ४५, मग आपली कशी तग धरतात हे मला खरंच बघायचंय. उन्हात पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओलं करतात, तेवढं इथे बघितलंय.

तर एक काम करा. विहिरीजवळच्या चिंचेवर अजून असतील तर दुपारच्या उन्हात पंख उघडे असतानाचा फोटो धाकट्याला काढायला सांगा, झूम करून, हात न हलवता. आणि झाडाखाली फटाके लावणाऱ्या पोरांना जरा दम भरा, तुमचं ऐकतात. आई, बिबडे कोणी येणार असेल तरच दे, कुरियरने चुरा होतो.

तुमचीच,
माई