आधी बाबांना विचारणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

त्या दिवशी टीव्ही दुरुस्तीचे पैसे देताना घसा दाटून आला आणि काही बोलताच आलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळते आहे.

गुडघ्यांमुळे बाबांचं जिना उतरणं बंद झालंय. क्रिकेट आणि जुने सिनेमे, एवढाच त्यांचा दिवस. चार महिने ते सांगत होते, टीव्हीचं चित्र मध्येच काळं होतं, पांढरे ठिपके चमकतात, मग परत येतं. दुकानाचा माणूस तीनदा आला. दर वेळी एखादा सिनेमा लावून पाच मिनिटं बघायचा आणि सगळं ओके म्हणून निघायचा. तिसऱ्या खेपेला बाबांच्या देखत मला म्हणाला, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? डोळे दाखवून घ्या." दुसऱ्या एकाने तर पॅनल गेलंय, नवीन टीव्हीच घ्या म्हणून सांगितलं. त्यानंतर बाबांनी तक्रार करणं सोडलं. मी दिवसभर ऑफिसात. मलाही वाटायला लागलं होतं की डोळ्यांचंच असेल. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तुम्ही आलात, बॅग दाराशी ठेवलीत आणि टीव्हीकडे न जाता बाबांच्या खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसलात. "आजोबा, रोज तुम्ही बघता. तुम्हीच सांगा, नेमकं कधी होतं?"

बाबा आधी माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू बोलायला लागले. मॅच लावली की होतं, मेनू उघडला की होतं, सिनेमा सुरू झाला की अजिबात नाही. तुम्ही एकदाही मध्ये तोडलं नाहीत. सगळं ऐकून म्हणालात, "आजोबा, निम्मं काम तुम्हीच केलंत." बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते तुम्ही पाहिलंत की नाही माहीत नाही. मी पाहिलं.

पुढचं तुम्ही समजावलंत तेवढं कळलं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ चित्रांचा, मॅच आणि मेनू ५०-६० चे. फोर-के, म्हणजे खूप बारकाव्याचं, तेवढं चित्र न्यायचं तर टीव्हीला चित्र पोचवणाऱ्या एचडीएमआय केबलला सेकंदाला १८ गिगाबिट माहिती पेलावी लागते, आणि आमच्या भिंतीतली दहा मीटरची केबल २०१२ सालची, १०.२ गिगाबिटच्या जमान्यातली. सिनेमाला तेवढी पुरते. म्हणून सिनेमा लावून तपासणाऱ्याला ते दिसणारच नव्हतं. नुसतं बाबांचं ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

हात चांगला असलेले कारागीर भेटतात हो. म्हाताऱ्या माणसाला खोटं न ठरवता त्याच्याशी बोलणारे फार कमी. तुमच्या आई-वडिलांना माझा नमस्कार सांगा.

काल मॅच संपेपर्यंत बाबा जागे होते. सकाळी दार उघडून शेजारच्या काकांना सांगत होते, "माझे डोळे ठणठणीत आहेत. केबल होती ती, केबल."