लाईट येईल तेव्हा पाणी

न्यूरेंबर्ग, जर्मनी, मे महिन्याचा शेवटचा रविवार

तीर्थरूप नाना आणि माय,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माय म्हणाली, "कसाले इतला जीव काढस पोरी?" मी विषय बदलला, पण दोन दिवस तेच मनात घोळतंय. फोनवर धड सांगता येत नाही, पोरगं मध्ये येतं. म्हणून लिहिते.

जुलैच्या सुरुवातीला रोथला ट्रायथलॉन आहे. रोथ आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. एकाच दिवशी, एकामागून एक, 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल चालवायची आणि मग 42.2 किलोमीटर धावायचं. नाना, 180 म्हणजे जवळजवळ जळगावहून धुळ्याला जाऊन परत जळगाव. पोहायचं आहे कालव्यात. आपल्या हतनूरच्या पाटासारखा नाही, हा मेन आणि डॅन्यूब नद्यांना जोडणारा कालवा, यातून मालाची जहाजं जातात. त्या दिवशी ती थांबवतात. 1978 साली हवाई बेटांवर हे एवढं अंतर पहिल्यांदा ठेवलं, तेव्हा 15 जण उतरले आणि 12 जण शेवटपर्यंत गेले. आता रोथला हजारो लोक उतरतात. यंदा त्यात तुमची पोर.

वेळ कुठून काढतेस, असं तुम्ही विचारलं होतं. ते तुमच्याकडूनच शिकले. मोटारीच्या थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची असली की तुम्ही बॅटरी घेऊन मळ्यात निघायचात आणि मी हट्टानं मागे यायची. मोटार सुरू झाली की तुम्ही बांधावर बसायचात, मी तुमच्या उपरण्यावर झोपून जायची. "लाईट आपल्या सोयीनं येत नाही, आपण तिच्या सोयीनं उठायचं," हे तेव्हा ऐकलेलं. इथे माझी लाईट पहाटे पावणेपाचला येते. साडेसहाला पोराला उठवायचं, डबा, शाळा, मग माझी प्रयोगशाळा. त्याआधीचे पावणेदोन तास माझे. डिसेंबरात इथे आठ वाजेपर्यंत अंधार असतो, बाहेर बर्फ. तेव्हा तळघरात सायकलचं मागचं चाक यंत्राला जोडून भिंतीकडे बघत पायडल मारले. शनिवारी लांबची सायकल, तेव्हा घर आणि पोरगं तुमचे जावई सांभाळतात. त्यांच्याशिवाय यातलं काही झालं नसतं, हे माय, तू त्यांना एकदा फोनवर सांग. माझ्या तोंडून ते रोज ऐकतात, तुझ्याकडून ऐकलं तर फार बरं वाटेल त्यांना.

फेब्रुवारीत एक चूक झाली, तुम्हाला तेव्हा सांगितली नाही. पोराला ताप आला, मग मला. बारा दिवस काहीच झालं नाही. बरी झाल्यावर मी बुडालेलं सगळं एकाच आठवड्यात भरून काढायला गेले. गुडघा धरला. तीन आठवडे धावणं बंद. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं, दुखण्यापेक्षा जास्त भीतीनं, की आता सगळं संपलं. रात्री बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून बसले होते आणि आपला जुना केळीचा बाग आठवला. पाण्याची एक बारी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी सोडलं, तर केळी पिवळी पडते, मुळांना हवा मिळत नाही. हे तुम्ही काकांना किती वेळा सांगायचात! चुकलेली बारी गेली, पुढची नीट द्यायची. दुसऱ्या दिवशी मी अख्खं वेळापत्रक नव्यानं लिहिलं. लांबचे दिवस कमी केले, रोजचं थोडं थोडं वाढवलं. मोकाट पाणी सोडून आपण ठिबकवर गेलो, तसंच. गुडघा आता शांत आहे.

पोहण्याचं मात्र वेगळं झालं. मला वाटायचं, ते तर मला येतंच. आपल्या विहिरीत शिकले, कमरेला दोर, पाठीला तेलाचा रिकामा डबा, आणि वरून तुमचा आवाज. पण एप्रिलच्या शेवटी रोथजवळच्या तलावात पहिल्यांदा उतरले आणि शंभरेक मीटरवर श्वासच लागेना. पाणी गार, खाली नुसतं हिरवट काळं. तळ आपल्या विहिरीचाही कधी दिसला नाही, पण तिथे चार हातांवर भिंत होती, पायऱ्या होत्या, पायरीवर तुम्ही होतात. इथे कुठल्याच बाजूला धरायला काही नाही. मी उताणी झाले, आभाळाकडे बघत लांब श्वास सोडत राहिले. श्वास घ्यायची घाई करायची नाही, आधी सगळा सोडायचा, मग पुढचा आपोआप येतो. पाच मिनिटांनी पुन्हा पालथी झाले. आता दर आठवड्याला जाते, दहा-बारा हात मारले की डोकं वर काढून दिशा बघते. अंगात रबरी वेटसूट असतो. पाणी 24.5 अंशांच्या वर नसेल तर शर्यतीतही तो चालतो. थंडी अडवतो आणि अंगाला तरंगवतो, म्हणजे तुमच्या डब्याचं काम करतो.

माय, खाण्याची काळजी करू नकोस. या प्रकारात पोट सांभाळणं पायांइतकंच मोठं काम आहे. सायकलवर तासाला निदान 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात, नाहीतर पुढे धावताना पाय उचलत नाहीत. एका मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम. म्हणजे तासाला दोन केळी आणि वरून साखर-मिठाचं पाणी. दुकानातलं केळ इक्वेडोरचं असतं, आपल्या बागेतल्याची चव त्याला नाही, पण सोलताना दर वेळी घर आठवतं. लांबच्या शनिवारी गुळाची दशमी नेते, छोटे तुकडे करून खिशात. तू प्रवासाला बांधून द्यायचीस तशीच, फक्त तूप कमी. सायकलवर खूप तूप पोटाला जड होतं.

सायकलचा एक नियम सांगते, नाना. पुढच्या सायकलीच्या मागे 12 मीटरच्या आत रेंगाळायचं नाही, कारण तिच्या आडोशाला वारा कमी लागतो. शाळेतून येताना आम्ही उसाच्या ट्रॉलीला धरून यायचो, त्यावरून तुम्ही मारलंही होतं एकदा. इथे सगळा वारा आपला आपणच फोडायचा.

शर्यत सुरू होईल तेव्हा आपल्याकडे सकाळचे दहा वाजून गेलेले असतील. तुमचे जावई अधूनमधून फोन करतील. संध्याकाळी उशीर झाला तर घाबरू नका. मला घाई नाही, रात्र झाली तरी चालत राहीन. देव्हाऱ्यात दिवा लाव, पण उपास धरू नकोस माय, तुझी साखर वाढते-उतरते.

कानबाईच्या सणाला आम्ही तिघंही येतोय, तिकिटं काढली. नैवेद्याच्या रोटांचे गहू या वेळी माझ्या हातानं निवडायचेत. आणि नाना, तो तेलाचा डबा माळ्यावर अजून आहे का बघा. गंजला असेल तर झाळून घ्या. पोरगं सात वर्षांचं झालं, आणि श्रावणात आपल्या विहिरीला पाणी असेल.

तुमची,
छोटी