मास्तर, तुमच्या छत्रीच्या एका पाकळीबद्दल

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

धारावीत नव्वद फुटी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, पोटमाळ्यावर जाणाऱ्या लोखंडी शिडीखाली तुमचे बॅगा शिवायचे मशीन आहे, आणि मे महिन्यातल्या एका दुपारी काखेत गाठोडे घेऊन जी बाई तुमच्यासमोर उभी राहिली होती, ती मी. तुमच्याकडे दिवसभर माणसांची ये-जा असते, त्यामुळे माझा चेहरा तुम्हाला आठवेलच असे नाही, पण गाठोडे नक्की आठवेल. त्यात एका मोडक्या छत्रीचे काड्यांवरून सोडवलेले काळे कापड होते, वॉचमनच्या गणवेशाचे दोन खाकी शर्ट आणि एक पॅन्ट होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली दोन नऊवारी लुगडी होती आणि कोऱ्याच राहिलेल्या एका खणाची मी शिवलेली कुंची होती. निघताना मी तुमचे आभार मानले होते, पण शेजारच्या मशीनच्या खडखडाटात ते तुम्हाला ऐकू गेले की नाही, कोण जाणे. आता बारसे झाले आहे, घरातली धावपळ जरा निवली आहे, म्हणून जे बोलायचे राहिले ते चार लोकांसमक्ष लिहिते आहे.

छत्री आणि खाकी कपडे माझ्या वडिलांचे. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि त्यात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी जे पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत, त्यांतले ते एक. पुढची सगळी वर्षे त्यांनी लोकांच्या इमारतींच्या फाटकावर, त्या खाकीत आणि पावसाळ्यात त्या छत्रीखाली काढली. मात्र कापड हातात आले की ते आधी दोन्ही हातांनी ताणून त्याचा उभा धागा कोणता आणि आडवा कोणता हे बघायचे, ही सवय शेवटपर्यंत गेली नाही. लुगडी आईची. लेकीला दिवस गेल्याचे कळले तेव्हाच मी ठरवले होते की बाळंतविडा विकत आणायचा नाही. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवे कापड घालत नाहीत, आणि त्यामागे जे काही कारण असेल ते असो, वापरून विरलेल्या सुताइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही, हे मला माझ्या दोन बाळंतपणांवरून ठाऊक आहे. तेव्हा लुगड्यांची दुपटी, झबली आणि लंगोट, खणाची कुंची, आणि आजोबांच्या खाकीची एक मोठी पिशवी, जिच्यात छत्रीच्या कापडाचे कप्पे असतील, म्हणजे लोकलमधून जाता-येता ओले लंगोट त्यात ठेवता येतील, असा माझा बेत होता. झबली-दुपटी मी घरच्या मशीनवर शिवली. पिशवी मात्र माझ्या आवाक्याबाहेरची होती, कारण खाकीच्या चार पदरांवर माझे मशीन अडून बसायचे आणि छत्रीचे कापड सुईखालून निसटायचे.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे गेले होते, ते सांगितल्याशिवाय तुमचे मोल कळणार नाही. एका ठिकाणी, जिथे दारावर ‘टाकाऊपासून टिकाऊ’ अशी पाटी आहे, तिथल्या बाईंनी गाठोडे न सोडताच सांगितले की यापेक्षा नवीन बॅग स्वस्त पडेल. मला ते माहीत होते. मी स्वस्त बॅग मागायला गेले नव्हते. मशीन दुरुस्त करून मिळते म्हणून दुसरीकडे गेले, तर तिथल्या मुलाने झाकणही न उघडता मशीन भंगारात काढण्याचा आणि नवे घेण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या दुकानाने काम घेतले, आगाऊ पैसेही घेतले, आणि मी आनंदाने घरी आले. आठ दिवसांनी त्यांनी छत्रीच्या आठ त्रिकोणी तुकड्यांपैकी, ज्यांना आम्ही घरात पाकळ्या म्हणतो, एक तुकडा नमुना म्हणून शिवून दाखवला. जाड सुई आणि बारीक बारीक टाके. मी तो हातात घेऊन जरा ओढला, तर पोस्टाची तिकिटे फाटावीत तसा तो टिपेच्या रेषेवर सरळ फाटत गेला. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, “कापड जुनं होतं, आम्ही काय करणार?” 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून मुंबईत गल्लोगल्ली कापडी पिशव्या शिवून मिळू लागल्या आहेत आणि ते चांगलेच आहे, पण समोर आलेले कापड कोणत्या जातीचे आहे, हे बघायला एक मिनिट थांबणारा माणूस मला त्या तीन आठवड्यांत भेटला नाही. वडिलांनी पावसात धरलेली ती पाकळी वाया गेली, याचे दुःख मला अजून आहे आणि ते मी लपवणार नाही. लेकीला आठवा महिना लागला होता. मी जवळजवळ हात टेकले होते.

तुम्ही काय केलेत, ते मात्र मला सावकाश लिहायचे आहे.

तुम्ही आधी तेलाचे हात साबण लावून धुतलेत आणि मग गाठ सोडलीत. पाकळ्या एकेक करून उजेडाकडे धरल्यात, सात मोजल्यात आणि आठवी कुठे आहे असे विचारलेत. मी पिशवीतून तो फाटका नमुना काढून दिला. तुम्ही ज्याने तो शिवला त्याच्याविषयी वावगा शब्द काढला नाहीत. ती टीप बोटावर ताणून मला एवढेच सांगितलेत, “ताई, सुती कापडातून सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि परत जवळ येतात. ह्याच्यावर लेप असतो. ह्याला सुई लागली की भोक कायमचं राहतं. जवळजवळ भोकं पाडली की कापड तिथेच तुटणार.” मग तुम्ही शिवून बघायला एखादी चिंधी मागितलीत, आणि माझ्याजवळ चिंधीच नव्हती. सातांतली एक पाकळी विरलेली होती, ती सुई सोसणार नव्हती. उरलेल्या सहांचा मी वहीत हिशेब मांडून आणला होता आणि त्यात दोन बोटे पट्टीसुद्धा जास्तीची नव्हती. मी म्हटले, कडेला कुठेतरी शिवून बघा, चालेल. तुम्ही मान हलवलीत. उठलात, खिळ्यावरची तुमची स्वतःची छत्री काढलीत, जिची एक काडी वाकलेली होती पण कापड धड होते, आणि ब्लेडने शिवण उसवून तिची एक अख्खी पाकळी वेगळी केलीत. मी “अहो मास्तर” म्हणेपर्यंत ती तुमच्या मशीनखाली गेलीही होती. “पावसाला अजून महिना आहे,” असे तुम्ही म्हणालात.

त्या पाकळीवर तुम्ही अर्धा तास घालवलात. सोळा नंबरच्या जाड सुईने एक टीप मारून ती उसवलीत आणि राहिलेली भोके मला दाखवलीत. मग अकरा नंबरची बारीक सुई लावलीत, टाका चार मिलिमीटरपर्यंत मोठा केलात, टाचण्यांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेत, कारण टाचणीचेही भोकच पडते, आणि कापड चिकटू नये म्हणून वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून तिच्यासकट टीप मारून नंतर कागद फाडून काढलात. दोरा सुती नको, ओलाव्यात तो कुजतो, पॉलिएस्टरचा लावू, असेही सांगितलेत. पाकळीच्या रुंद भागातून लांबट तुकडा कापून तो मधोमध दुमडलात, म्हणजे तळाला शिवणच येणार नाही आणि टिपा फक्त दोन्ही बाजूंना राहतील. तो छोटासा कप्पा बाटलीतल्या पाण्याने भरून तुम्ही खिळ्याला टांगलात आणि आपण दोघांनी चहा घेतला. चहा संपेपर्यंत एका बाजूने दोन-तीन थेंब पाझरले. तुम्ही तो उतरवलात, कड आणखी एकदा दुमडून टीप मारलीत, टिपेवरून मेणबत्ती घासलीत आणि पुन्हा टांगलात. या वेळी आपण दोघेही त्याच्याकडे बघत बसलो होतो. थेंब पडला नाही. तेव्हा कुठे तुम्ही माझ्या वडिलांचे कापड पुढे ओढलेत.

मास्तर, पिशवी उत्तम झाली आहे, पण मला रात्री झोपताना आठवते ती पिशवी नव्हे. माझ्या कापडाला पहिले भोक पाडण्याआधी तुम्ही स्वतःच्या छत्रीला पाडलेत, हे मला आठवते. मी अनोळखी बाई, पुन्हा गिऱ्हाईक म्हणून येण्याची शक्यता कमी, काम किरकोळ, आणि तुमच्या मागे शंभर बॅगांची ऑर्डर कापून ठेवलेली. कापड कुणाचे, असे तुम्ही एका शब्दानेही विचारले नव्हते आणि मीही तोवर सांगितले नव्हते. गाठोडे ज्या तऱ्हेने बांधले होते, त्यावरूनच तुम्ही काय ते ओळखले असावे.

पुढचे काम तुम्ही संध्याकाळपर्यंत उरकलेत, त्याचा तपशील लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी लिहिते, कारण घरात नातवंड येणार असलेल्या कुणाच्या उपयोगी पडतील. कुणीतरी मला सुचवले होते की तळाला जुन्या फ्लेक्स बॅनरचा तुकडा घाला, पाणी अजिबात येणार नाही. तुम्ही त्याला साफ नकार दिलात. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा लेप, तो भाजीच्या पिशवीला ठीक आहे, पण लहान मूल जे हाताला लागेल ते तोंडात घालते, असे तुमचे म्हणणे होते. छत्रीचे कापडही कप्प्यातच ठेवा, त्यातून हवा जात नाही, दुपट्याखाली घालू नका, असे तुम्ही बजावलेत. आणि पिशवी बांधून देताना गाठोड्यात वरच असलेली माझी खणाची कुंची हातात घेऊन तिला मी हौसेने लावलेले दोन मोती आणि लांब नाड्या तुम्ही बघितल्यात. “मोती काढा, आणि नाडी गळ्याभोवती फिरेल एवढी ठेवू नका,” असे म्हणालात. मला क्षणभर वाईट वाटले, कारण ती कुंची कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या त्या खणाची होती आणि मी ती फार जीव लावून शिवली होती. त्याच रात्री मी मोती काढले. ज्याला बॅगा शिवायच्या पैशांपलीकडे काही घेणेदेणे नव्हते, अशा माणसाने माझ्या न जन्मलेल्या नातीच्या गळ्याची काळजी केली. या शहरात पत्ता विचारला तर सरळ उत्तर मिळत नाही अशी तक्रार आपण येता-जाता करतो, मीही करते, पण तुमच्यासारखी माणसे शिड्यांखाली, जिन्यांखाली, दोन हात जागेत बसून आपले काम नीट करत असतात. त्यांची पाटी नसते, म्हणून ती आम्हाला उशिरा सापडतात.

नात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, त्या दिवशी बाहेर धो-धो पाऊस होता. इस्पितळातून घरी येताना तिला आईच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळले होते आणि खाकी पिशवी माझ्या खांद्याला होती. पिशवीवर तुम्ही शर्टाचा खिसा उसवून पुन्हा शिवण्याऐवजी जसाच्या तसा ठेवून त्याच्या भोवतीने कापड कापलेत, हे मला घरी आल्यावर कळले. त्या खिशाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग आहे, वडिलांचे पेन गळायचे त्याचा. आता त्यात बाळाची लसीकरणाची कार्ड-वही असते. कप्पे रोज भरतात, रोज धुतले जातात, आणि तुम्ही अठरा नंबरच्या सुईने शिवलेल्या पट्ट्याचा एक टाकाही हललेला नाही. मेण मी दर आठवड्याला पुन्हा घासते.

आता एक विनंती आहे आणि ती तुम्ही मोडू नये. पिशवीत पाच पाकळ्या लागल्या. वहीतल्या हिशेबापेक्षा तुम्ही कमी कापडात काम केलेत, त्यामुळे एक चांगली पाकळी शिल्लक राहिली आहे. तुमची छत्री मात्र तशीच, एका बाजूने उघडी, खिळ्याला लटकत असणार, कारण स्वतःच्या वस्तूला हात लावायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. ती उसवलेली पाकळी मी त्या दिवशी डोळ्यांनी मोजली आहे. दोन्ही छत्र्या आठ काड्यांच्या आणि लांबीला सारख्याच आहेत. येत्या सोमवारी मी बारशाचे पेढे घेऊन येते. तेव्हा छत्री माझ्याकडे द्या. अकरा नंबरची सुई, चार मिलिमीटरचा टाका, चिमटे आणि कागदाची पट्टी, सगळे घरी काढून ठेवले आहे. दोन दिवसांत परत आणून देते.

आपली कृतज्ञ,
लालबागची एक आजी